मास्तरांची फुंक

लग्नघरी बँड पोचला की आधी वाजवायचं काहीच नाही. आधी फुंक. मांडवाच्या मागे, विहिरीच्या कडेला आम्हाला ओळीने उभं केलं जाई. मास्तर एकेकाच्या पुढ्यात येत, नाक आमच्या तोंडाजवळ आणत आणि म्हणत, "मार." आपण फुंक मारायची. मास्तर डोळे मिटून वास घेत आणि लगेच निकाल देत. "तू, कांदा. तू, कालचं सुकट. तू दात घासले नाहीस, नवरीच्या बाजूला उभा राहू नकोस." एखाद्याने वाटेत थोडी घेतलेली असली तर त्याला नुसतं बोटाने बाजूला काढत. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्याने दिवसभर वाद्य काखेत धरून खुर्चीवर बसायचं. ही शिक्षा फार वाईट, कारण मांडवातली प्रत्येक म्हातारी येऊन विचारायची, "काय रं बाबा, तुझा बाजा मोडला का?"

बँडवाला आणि पीत नाही, हे आमच्या भागात कुणाला खरं वाटत नसे. मास्तर मात्र थेंबालाही शिवत नव्हते. त्यामागे काही नवसबिवस नव्हता. "सूर दुसऱ्याकडून घेता येतो," ते म्हणत, "श्वास स्वतःचाच लागतो. तो कशाला नासवायचा?" ते म्हणताना पोटावर थाप मारत. पोट चांगलं घसघशीत होतं, आणि सगळा श्वास आपण तिथेच साठवतो असं त्यांचं ठाम मत होतं.

मास्तर आगाशीजवळच्या एका गावातले. घर कॅथलिक, मागे केळीची वाडी, घरात बोली त्यांची त्यांची, आणि आमच्याशी मात्र अगदी शाळेतलं मराठी. वाडीत पाणी लावतानाही पायात काळे बूट आणि पांढरे मोजे. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "केळींचं लग्न आहे काय आज?" ट्रम्पेट 'वाजवणं' हा शब्द त्यांना चालत नसे. टेबल वाजवतात, दार वाजवतात. ट्रम्पेटला बोलतं करतात. मी नवीन असताना एकदा म्हणालो, "मास्तर, आज काय मस्त वाजवलंत!" तर त्यांनी माझ्याशी दुपारपर्यंत अबोला धरला.

आणि वरातीत ते उलटे चालायचे. हो, उलटे! सगळे बँडमास्तर पुढे तोंड करून चालतात. आमचे आमच्याकडे तोंड करून, पाठ रस्त्याला. आगाशीच्या बाजारातून, एसटीच्या समोरून, हातगाड्यांमधून हा माणूस मागे न बघता चालायचा आणि कुणाला धक्का लागायचा नाही. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "रस्त्याला काय बघायचंय? तो आहे तिथेच आहे. चुका तर तुम्ही करता."

मी दिवसा एका पतपेढीत कारकून आणि लग्नसराईत क्लॅरिनेटवाला. ढोलावर हरेश, खाडीकडच्या मिठागरांच्या गावातला, तोंडाने फाटका आणि मनाने साफ. मास्तरांची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की एकदा मास्तरांनीच ती पाहिली आणि म्हणाले, "पोट अजून पुढे काढ."

त्या उन्हाळ्यात ते पोटच उतरायला लागलं.

आधी सगळ्यांना आनंद झाला. काकींनी पॅन्टच्या कमरा आवळून दिल्या. चर्चबाहेर लोक विचारायला लागले, "मास्तर, कसला डाएट?" मास्तर खूश. तहान मात्र अशी लागायची की दोन गाण्यांच्या मध्ये ते थंड पेयाची बाटली रिकामी करत आणि लगेच आडोशाला जात. आम्ही म्हणायचो, ऊन किती आहे बघा. मास्तर म्हणायचे, ऊन किती आहे बघा. सगळा दोष उन्हाच्या माथी मारून आम्ही मोकळे. त्यांच्या आईला मधुमेह होता हे काकींना ठाऊक होतं, पण मधुमेह म्हणजे म्हातारपणी चहात साखर न घेणं, यापुढे कुणाची अक्कल गेली नव्हती. मास्तर तर पन्नाशीच्याही अलीकडे होते.

नालासोपाऱ्याकडच्या एका लग्नात नेहमीप्रमाणे आम्ही ओळीने उभे राहिलो. मास्तर माझ्यासमोर आले, म्हणाले, "मार." मी फुंक मारायच्या आधीच त्यांचा श्वास माझ्या तोंडावर आला. गोड, आंबूस, नाकात चढणारा. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करायला राजेळी केळी पिकत घालतात, त्यातला एखादा घड विसरला गेला तर जसा वास सुटतो, तसा. मी चमकलो. मास्तर पुढे सरकले तसे एकेकाचे डोळे मोठे होत गेले. हरेशपाशी पोचले तेव्हा त्याने ओठ आत दुमडून हसू दाबलं.

मास्तर पाठमोरे झाल्यावर तो माझ्या कानाशी लागला. "टाकलीय रे! मास्तरांनी टाकलीय!"

"गप बस."

"अरे नाक हाय का भोपला? इतकी वर्षं आपली फुंक घेतली, आज सोताच सापडले."

खरं सांगतो, बँडमध्ये त्या क्षणी सण होता. डॉमनिक सॅक्सोफोनच्या आड तोंड घालून हसत होता. ज्या माणसाने आम्हाला बोटाने बाजूला काढलं, त्याला आज कोण बाजूला काढणार?

वरात निघाली आणि मास्तर उलटे चालायला लागले. चालता चालता मागच्या मागे अडखळले. सावरले. पुन्हा अडखळले. ट्रम्पेट ओठाला लावलं आणि सूर आलाच नाही, नुसती हवा. मास्तरांचा सूर आला नाही! तेव्हा हसणारे जरा थांबले. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता, खोल, एकसारखा, धावून आल्यासारखा, आणि धावले तर कुठे नव्हते. चर्चच्या आवाराशी पोचलो तेव्हा ते भिंतीला धरून ओकले आणि तिथेच खाली बसले.

नवऱ्या मुलाचे काका तरातरा आले. वास त्यांनाही आला. "लाज नाही वाटत? देवाच्या दारात पिऊन येता?"

मास्तरांनी मान वर केली. "मी... पीत नाही," म्हणाले. पण जीभ जड झाली होती, आणि जड जिभेने 'मी पीत नाही' म्हणणाऱ्या माणसावर जगात कोण विश्वास ठेवतो?

"लिंबू पाजा," कुणीतरी म्हणालं. "साखर घालून सरबत द्या आणि मांडवात झोपवा. उतरेल संध्याकाळपर्यंत."

सरबत आलंसुद्धा. मास्तरांनी ते घटाघटा प्यायलं आणि अजून मागितलं. मी खाली वाकलो तसे त्यांनी माझी बाही धरली. "हा वास," ते थांबत थांबत म्हणाले, "दोन-तीन दिवस येतोय. मला वाटलं... माळ्यावर केळी पिकलीत."

दुनियेच्या तोंडचा वास ओळखणारा माणूस. स्वतःच्या तोंडचा वास त्याने केळ्यांवर ढकलला होता, आणि आम्ही बाटलीवर. मी भडकलो. त्या काकांवर, सरबत आणणाऱ्यावर, हरेशवर, सगळ्यांवर. "माणूस प्यालेला नाही, माणूस मरतोय!" मी ओरडलो. "रिक्षा आणा!" हरेशने ढोल तिथेच रस्त्यात टाकला आणि रिक्षा अडवायला धावला.

विरारच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मास्तरांच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "दारू नाही ही." तेवढं वाक्य ऐकून मला रडू आलं. नर्सने मास्तरांच्या बोटाला टोचून साखर तपासायच्या मशीनमध्ये पट्टी घातली. मशीनवर आकडा आलाच नाही. इंग्रजीत नुसतं 'हाय' आलं.

हरेश डोकावून म्हणाला, "मशीन पन हाय म्हनतंय. चांगलं हाय ना मंग?"

"चांगलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "साखर इतकी वर गेली की मशीनला मोजता येत नाही, असा त्याचा अर्थ."

मग धावपळ. सलाइन, इन्सुलिन, पुन्हा पुन्हा रक्त. काकी आल्या त्या हातात जपमाळ घेऊनच. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर घेऊन नीट समजावलं. रक्तात साखरेचा ढीग आहे, पण ती वापरायला इन्सुलिन लागतं, आणि ते बनायचंच जवळजवळ थांबलंय. मग शरीर चरबी जाळत सुटतं. त्यातून कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात, रक्त आंबतं. तो वास त्याचा. आणि तो धापा टाकल्यासारखा श्वास म्हणजे शरीर ते आम्ल फुंकून बाहेर टाकायची धडपड करतंय.

"झोपवून ठेवलं असतं तर?" काकींनी विचारलं.

डॉक्टरांनी काकींच्या खांद्यावर हात ठेवला. "आणलंत ना," म्हणाल्या.

आयसीयूतून बाहेर आल्यावर मास्तरांना मी हे सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन ते क्षीण आवाजात म्हणाले, "म्हणजे मी फुंकत होतो म्हणून वाचलो." त्यांना त्यातलं तेवढंच आवडलं.

घरी आले ते इन्सुलिनच्या सुया घेऊन. आणि मग भेटायला येणारे! आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना लोक दोन केळी आणि चार भाकितं घेऊन जातात. मास्तरांच्या घरी केळ्यांना तोटा नव्हता, म्हणून लोकांनी भाकितांवर भर दिला. "एकदा सुई लागली की मरेपर्यंत सुटत नाही बरं का." "आमच्या मेहुण्याचा पाय गेला." एकाने तर कसली पूड आणली, सुई बंद करून ही घ्या म्हणाला. काकींनी ती त्याच्यासमोर केळीच्या बुंध्यात ओतली. म्हणाल्या, "उद्या येऊन बघा, केळ बरी होते काय."

मास्तर मात्र खचले होते. सुईचं दुखणं नव्हतं ते. लोक अजून म्हणत होते की बँडमास्तर चर्चच्या दारात पिऊन पडला. ट्रम्पेट पेटीत बंद. त्यांनी मला विचारलं, "माझा श्वास गेला का रे?" मी म्हणालो, डॉक्टरांना विचारू.

डॉक्टरांचं उत्तर आम्हाला कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्या म्हणाल्या, अशा तऱ्हेने रक्त आंबून माणूस आला की पहिल्या दिवशी वाटतं, याची इन्सुलिन बनवणारी ग्रंथी कायमची गेली. पण मास्तरांसारखी काही माणसं असतात, मोठ्या वयाची, अंगाने भारी, घरात मधुमेह असलेली. त्यांची ग्रंथी साखरेच्या माऱ्याने बधिर झालेली असते. त्यांनी अँटिबॉडी तपासल्या होत्या, त्या सापडल्या नव्हत्या, म्हणजे शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उठलेलं नव्हतं. आता काही आठवडे इन्सुलिन चुकवायचं नाही, साखर ताब्यात ठेवायची, मग सी-पेप्टाइड नावाची तपासणी करायची. ग्रंथी स्वतः किती काम करते ते त्यात कळतं.

"तुमचं स्वादुपिंड दमलंय, मास्तर," त्या म्हणाल्या. "मेलं आहे असं मला वाटत नाही. त्याला जरा बसू द्या."

हे मास्तरांना पटलं. दमलेल्या वाजंत्र्याला खुर्ची देणं त्यांना कळत होतं. त्या दिवसापासून सुई म्हणजे तालीम झाली. रोज त्याच वेळी, भिंतीकडे तोंड करून, तोंडाने वॉल्ट्झचा तीन मात्रांचा ठेका धरून ते पोटात सुई घेत. थंड पेयं बंद, सरबत बंद. संध्याकाळी वाडीत चालायचे, बूट-मोज्यांत, आणि अर्थात उलटे. काकी ओरडायच्या, "पाटात पडाल!"

तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरच आमच्यापेक्षा जास्त हसत होत्या. ग्रंथी जागी झाली होती. इन्सुलिन हळूहळू उतरवत नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि एक दिवस सुई थांबली. "पण," डॉक्टरांनी बोट उगारलं, "हा आजार पुन्हा येऊ शकतो. ताप, उलट्या, जास्त तहान, साखर वर, यातलं काहीही झालं तर लघवीची कीटोनची पट्टी बघायची आणि माझ्याकडे यायचं. मनाने काही नाही."

"पट्टी कशाला?" मास्तर म्हणाले. "माझ्या बँडला नाकं आहेत."

"नाकावर भरवसा नको. तो वास सगळ्यांना येत नाही, आणि सुरुवातीला तर कुणालाच येत नाही. पट्टी."

मास्तरांनी मान हलवली, पण तोंड वाकडं केलं. इतकी वर्षं ज्या नाकाच्या जोरावर बँड चालवला त्याचा हा अपमान होता. पुढच्या लग्नात विहिरीपाशी आम्ही ओळीने उभे राहिलो, सगळ्यांची फुंक झाली, आणि हरेश दोन पावलं पुढे आला. "मास्तर, मारा."

सगळे गार. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वाकले आणि त्याच्या तोंडावर फुंकले.

हरेशने डोळे मिटले, अगदी त्यांच्यासारखे. "मेथी," म्हणाला. "मेथीची भाजी. पास."

त्यानंतर प्रत्येक लग्नात ते झालं. मास्तरांचं पोट थोडं आलं, सूर सगळा आला. पिऊन पडल्याची बोलणी हवेत विरली. वर्ष उलटलं. आम्ही सगळे गाफील झालो. मास्तर बरे झाले, संपलं, असं आम्हीच ठरवून टाकलं.

मग त्यांच्या भाचीचं लग्न आलं. धाकट्या बहिणीची एकुलती मुलगी, मास्तरांच्या मांडीवर वाढलेली. तिची वरात ते दुसऱ्या कुणाच्या हाती देतील हे शक्यच नव्हतं. लग्नाच्या आधी तीन-चार दिवस त्यांना ताप होता. "मोसमी आहे," म्हणाले. लग्नाच्या सकाळी मी त्यांना मांडवामागे तांब्यावर तांब्या पाणी पिताना पाहिलं. काकींनीही पाहिलं होतं. त्यांच्या पिशवीत साखरेचं मशीन आणि कीटोनच्या पट्ट्यांची डबी होतीच.

"आधी फुंक," मास्तर हट्टाने म्हणाले. "फुंक सांगेल."

आम्ही एकेकाने वास घेतला. मी घेतला, डॉमनिकने घेतला. काही नाही. हरेशने दोनदा घेतला आणि तोंड उजळलं. "काय नाय मास्तर! निसता चहा."

"बघ," मास्तर काकींना म्हणाले.

"बघितलं," काकी म्हणाल्या. "आता पट्टी."

मशीनवर आकडा आला, तो भलताच मोठा. मग मास्तर घरात गेले आणि पट्टी घेऊन बाहेर आले. पट्टी जांभळी पडायला लागली होती. ते कधी तिच्याकडे बघत, कधी आमच्याकडे. समोर मांडव भरलेला, भाची नटून बसलेली, बहीण दारात वाट बघत उभी. सात नाकं म्हणत होती, काही नाही. एक चिठोरा म्हणत होता, चल. मला त्यांचा स्वभाव माहीत होता. मी मनात म्हणालो, हा माणूस पट्टी फेकून देणार आणि ट्रम्पेट उचलणार, आणि यावेळी आपण हरणार.

हरेशने पट्टी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. "मास्तर," तो म्हणाला, "माजं नाक गाढव हाय. तुमी जावा."

मास्तरांनी ट्रम्पेट पेटीत ठेवलं. पेटी माझ्या हातात दिली. मग मांडवाच्या मधोमध गेले, आणि सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी दवाखान्यात चाललोय. प्यायलेलो नाही. मधुमेह आहे मला, तो वर आलाय. ज्याला काही बोलायचं असेल त्याने आत्ता तोंडावर बोलावं." ते भाचीपाशी गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या लग्नात नसेन, पोरी. तुझ्या पोरांच्या लग्नात असायचंय, म्हणून जातो."

ती रडायला लागली, बहीण रडायला लागली, काकी म्हणाल्या, "रडणं मागाहून, रिक्षा थांबलीय," आणि दोघं गेली.

त्या दिवशी आम्ही कसं वाजवलं ते विचारू नका. पुढे मी होतो, सरळ तोंडाने, कारण उलटं चालायची माझी छाती नव्हती. वाजवतोय एकीकडे, लक्ष खिशातल्या फोनवर. नवरी चर्चमधून बाहेर पडली आणि काकींचा फोन आला. रक्त अजून आंबलेलं नव्हतं. वेळेत आले, डॉक्टर म्हणाल्या. सलाइन लावलंय, इन्सुलिन सुरू केलंय, दोन दिवस ठेवून घेतील. सुई आता काही महिने, मग पुन्हा तपासणी, पुन्हा उतरवून बघू.

"ते म्हणतात, फोन तसाच चालू ठेव," काकी म्हणाल्या. "त्यांना ऐकायचंय."

मी फोन डॉमनिकच्या वहिनीकडे दिला. ती तो दोन्ही हातांनी आमच्यासमोर धरून उभी राहिली आणि आम्ही भाचीसाठी वॉल्ट्झ धरला. हरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ढोल बडवत होता. सगळ्यांचंच तसं चाललं होतं, त्यामुळे ते गाणं आम्ही कसंबसं, एकमेकांना ढकलत, शेवटापर्यंत नेलं.

गाणं थांबलं. फोनमधून खोकला आला.

"क्लॅरिनेट धावत होता," मास्तर म्हणाले. "ढोल त्याच्याही पुढे. एवढी घाई कसली झाली होती सगळ्यांना?"

"मास्तर," मी कसंबसं म्हणालो, "आम्हाला भीती वाटत होती."

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, शांत, नेहमीचा.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले. "सावकाश घ्या. मी आहे."